टेक्स्चर, वॉलपेपर, पीओपी दर पावसाळ्यात त्याच जागी सुटतंय? पुन्हा काम काढण्याआधी हे तपासा

मी टेक्स्चर, स्टेन्सिल, वॉलपेपर आणि चुन्याचं फिनिश अशी भिंतीची सजावटीची कामं करतो, जास्त करून ठाणे-पुणे पट्ट्यात आणि अधूनमधून कोकणात. गणपती झाले की दिवाळीपर्यंत एकच तक्रार येते, की टीव्हीमागची किंवा बेडमागची हायलायटर भिंत फुगली, मागच्या वर्षी पॅच मारला होता अगदी तिथेच परत फुगली, आणि पेंटर म्हणतो मटेरियल खराब निघालं. मटेरियल खराब असतं कधीकधी, नाही असं नाही, पण एकाच जागी दुसऱ्यांदा सुटलं तर बहुतेक वेळा फिनिशचा दोष नसतो, भिंतीत पाणी येतंय आणि ते कुठून येतंय हे कोणी शोधलेलं नसतं. म्हणून आधी लक्षणं आणि मग तपासण्या लिहितोय, फुकटच्या आधी, खर्चाच्या शेवटी. कृपया क्रम मोडू नका. वरच्या फुकटच्या तपासण्या न करता थेट वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावून लोकांनी किती पैसे घालवलेत ते पाहून खरंच वाईट वाटतं.

लक्षणं

नुसतं "पोपडे आलेत" एवढं पुरत नाही, कुठे आलेत आणि कसे आलेत त्यावर सगळं आहे.

जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत, आडव्या पट्ट्यात, हात लावला की पांढरी पावडर पडते. तळमजल्यावर आणि जुन्या बैठ्या घरांत हे जास्त.

खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात तिरका डाग, पावसात गडद होतो, जानेवारीत जवळजवळ दिसेनासा होतो.

भिंतीच्या मधोमध किंवा बाथरूमच्या बाजूला गोलसर डाग, कडेला तपकिरी रेघ, बारा महिने असतो, उन्हाळ्यातही.

वॉलपेपरचे जोड उघडतात, कडा वळतात, आणि मागे काळे ठिपके, बंद खोलीचा कुबट वास.

पीओपीच्या कॉर्निसला, म्हणजे भिंत आणि छत भेटतात तिथल्या पट्टीला, स्लॅबच्या कडेने किंवा कॉलम आणि वीटकाम जिथे भेटतं तिथे सरळ बारीक चीर, पण ओल अजिबात नाही.

टेक्स्चर किंवा रंगाचा मोठा पापुद्रा एकदम निघतो आणि खालची भिंत कोरडी ठणठणीत असते.

शेवटची दोन लक्षणं पाण्याची नाहीत, त्यांचं खाली वेगळं लिहिलंय. बाकी चार पाण्याची.

फुकटच्या तपासण्या

पहिली गोष्ट, सुटलेला पोपडा फेकू नका, उलटा करून त्याची मागची बाजू बघा. मागे काहीच नाही, नुसता रंग किंवा टेक्स्चरचा थर, तर पकड वरच्या थराची गेली. मागे पांढरी पुट्टी चिकटून आलीय तर पुट्टी गिलाव्यापासून सुटली. मागे करड्या सिमेंटचे कण, वाळू आलीय तर गिलावा आतून कुजलाय आणि नुसत्या रंगाच्या पॅचनं काही होणार नाही. ही एक मिनिटाची तपासणी सगळ्यात जास्त सांगते कारण थर जिथून तुटला तीच जागा कमजोर, दुरुस्ती तिथपर्यंत खोल जायला हवी आणि त्याहून वर थांबलात तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मग रुपयाचं नाणं घ्या आणि डागाच्या भोवती टकटक करत जा. घट्ट भिंतीचा आवाज टणक येतो, सुटलेल्या गिलाव्याचा ढबढब येतो. जिथे आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करत गेलात की खरा खराब भाग डोळ्यांना दिसतो त्याच्यापेक्षा केवढा मोठा आहे ते कळतं. ठेकेदाराशी दराचं बोलताना ही खूण फार उपयोगी पडते.

तिसरी, डागाच्या कडेवरून पेन्सिलने रेघ मारा, बाजूला तारीख लिहा, फोटो काढा. दर आठवड्याला बघा. जोराचा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवसांत रेघेच्या बाहेर गेला तर पाणी बाहेरून येतंय. पाऊस नसतानाही हळूहळू वाढतोय तर घरातली पाइपलाइन किंवा बाथरूम. वाढतही नाही, आटतही नाही, फक्त दमट दिवशी गडद दिसतो तर आत साठलेला क्षार हवेतली ओल ओढतोय, म्हणजे गळती कदाचित कधीच बंद झालेली असेल. हे तीन निष्कर्ष तीन वेगळ्या दुरुस्त्यांकडे नेतात, म्हणून निदान महिनाभर तरी ही रेघ बघाच, घाई करू नका.

चौथी, फूटभर बाय फूटभर जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीच्या उघड्या भागावर चारी कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी काढा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दमट लागलं तर हवेतली वाफ थंड भिंतीवर बसतेय, ते वेगळं दुखणं. एसी दिवसभर चालू, खिडक्या बंद, बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवून ठेवलेलं, कपडे घरातच वाळत घातलेले अशा घरांत वॉलपेपरमागे बुरशी येते ती यामुळे. कपाट तीन-चार इंच पुढे ओढा, एक्झॉस्ट चालवा, दुपारी खिडकी उघडा. पुष्कळ वेळा एवढ्यावरच काम भागतं.

थोड्या खर्चाच्या तपासण्या

पांढरं जे दिसतंय ते क्षार आहे की बुरशी, हे आधी ठरवा कारण दोघांवर उपाय वेगळे. स्प्रेच्या बाटलीतून थोडं पाणी मारा, क्षार असेल तर विरघळून दिसेनासा होतो आणि वाळल्यावर परत येतो, बुरशी तशीच राहते, नुसती चपटी होते. क्षाराबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथेच सगळे चुकतात. वीट, सिमेंट, जमिनीतली माती या सगळ्यांत विरघळणारे क्षार असतात, पाणी त्यांना घेऊन भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत येतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो आणि त्याचे स्फटिक रंगाच्या मागे वाढायला लागतात. सोडियम सल्फेटसारखा क्षार तर पाणी धरलं की तिपटीहून जास्त फुगतो आणि हवा कोरडी झाली की परत आकसतो, दर ऋतूला हेच, त्यामुळे कितीही महागडं टेक्स्चर असो ते आतून ढकललं जातंच. म्हणून क्षार आलेली भिंत ओल्या फडक्याने पुसायची नाही, कोरड्या ताठ ब्रशने झाडायची आणि पडलेली पावडर उचलून घराबाहेर टाकायची. पुसलीत तर तोच क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातो.

बुरशी असेल तर मास्क आणि हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, बाजारात मिळणाऱ्या फंगीसाइड वॉशने साफ करा. कोरडी खरवडू नका, ती हवेत उडते. दमा असलेल्या माणसाला त्या खोलीत दोन दिवस झोपवू नका.

ओलावा मोजायचं पिनवालं मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं. घ्या, पण त्याचा आकडा म्हणजे भिंतीतल्या पाण्याची टक्केवारी असं धरू नका, ती मीटर लाकडासाठी बेतलेली असतात आणि क्षारामुळेही आकडा वर जातो. आकडा बघायचा तो तुलनेसाठी. घरातल्या खात्रीच्या कोरड्या भिंतीवर किती येतो, डागावर किती, डागापासून फूटभर वर किती. कुठल्या दिशेला आकडा वाढत जातो ती पाण्याची दिशा. खालून वर कमी होत गेला तर जमिनीतून चढतंय, एका बाजूला वाढला तर त्या बाजूचा पाइप किंवा बाथरूम.

भिंतीच्या पलीकडे काय आहे

हे विचारलं की लोक गप्प होतात, कारण बेडरूमच्या सुंदर भिंतीच्या पाठीमागे शॉवर आहे हे डोक्यातच नसतं. बाथरूमसाठी आधी साधं गणित लक्षात ठेवा, पुरवठ्याच्या पाइपमध्ये दाब सतत असतो म्हणून तो गळत असेल तर ओल दिवसरात्र सारखी, आणि ड्रेनेज, ट्रॅप किंवा टाइल्सचे सांधे गळत असतील तर वापर झाल्यावर ओल वाढते. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी परत बघा. आकडा पुढे गेला तर पुरवठ्याची लाइन. मीटर नसेल तर स्वतःच्या टाकीची पातळी बघा, पण रात्री टाकीत पाणी भरायचा व्हॉल्व्ह बंद ठेवायला विसरू नका. फ्लश टँक आतल्या आत गळत असेल तरी आकडा पुढे जातो, म्हणून त्याचा अँगल कॉकही, म्हणजे टँकला पाणी देणारा छोटा नळ, बंद करून बघा.

मीटर हललं नाही तर ते बाथरूम चार-पाच दिवस वापरूच नका आणि पेन्सिलची रेघ बघा. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. जुन्या इमारतींत बाथरूमचा फ्लोअर सन्क, म्हणजे स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो, त्यात विटांचा भराव असतो आणि तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे वापर थांबवल्यावर चार दिवसांत डाग वाळेल अशी अपेक्षा ठेवू नका, वाढायचा थांबला का एवढंच बघा. थांबला असेल तर नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीवरच्या जाळीखालच्या पाणी जायच्या भोकात, कापडाचा बोळा घट्ट बसवून फरशीवर इंचभर पाणी आणि त्यात कपड्यांची नीळ टाकून एक दिवस ठेवा. खालच्या मजल्यावर आधी सांगून ठेवा. निळा रंग कुठे उमटतो ते बघा. नाही उमटला तरी पाण्याची पातळी किती उतरली ते बघा.

टाइल्सचे सांधे रिकामे दिसत असतील तर आधी ते खरवडून एपॉक्सी ग्राउट भरून घ्या. टाइल्स फोडण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं आणि बऱ्याच गळत्या इथेच थांबतात.

बाथरूम नसेल तर खिडकी. खिडकीखालचा दगड बाहेरच्या बाजूला उतरता आहे का, त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे का, स्लायडिंगच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं बुजली आहेत का. काडीने साफ करा. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक बाहेरून नीट बुजवलंय का आणि ड्रेन पाइपचं पाणी भिंतीवर तर ओघळत नाही ना तेही बघा. खोलीच्या मधल्या उंचीवरचा गूढ डाग कितीदा एसीच्या त्या नळीचाच निघतो!

बाहेरची भिंत

आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत जास्त मार खाते. तुमची हायलायटर भिंत त्या बाजूला असेल तर बाहेरून बघायलाच हवं. केसासारख्या चिरा, पाइपच्या क्लॅम्पची भोकं, छज्जा आणि भिंतीचा सांधा, उगवलेलं पिंपळाचं रोप. रोप नुसतं तोडू नका, मूळ आत राहिलं की ते परत फुटतं आणि चीर रुंद करतं.

तळमजला किंवा बंगला असेल तर पाऊस नसताना बागेच्या पाइपने पाणी मारून बघता येतं. खालच्या पट्ट्यापासून सुरुवात करायची, एका पट्ट्यावर पंधरा-वीस मिनिटं, आत एक माणूस उभा, मग वरचा पट्टा. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळून सगळंच भिजतं आणि नक्की कुठून शिरलं ते कळत नाही. वरच्या मजल्यावर हा प्रयोग स्वतः करू नका, खिडकीतून बाहेर वाकून तर मुळीच नाही. सोसायटी असेल तर बाहेरची भिंत आणि गच्ची ही सोसायटीची जबाबदारी, तारखांसकट फोटो लावून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्या पेन्सिलच्या रेघेचा इथे दुसऱ्यांदा उपयोग होतो.

कोरड्या भिंतीवरून सुटतंय तेव्हा

यात फार खोल जायची गरज नाही. सेलोटेपचा तुकडा भिंतीवर घासून चिकटवा आणि झटकन ओढा. टेपवर पावडर आली तर खाली जुना डिस्टेंपर किंवा मेलेली पुट्टी आहे, ती काढल्याशिवाय वर काहीही धरणार नाही. जुना ऑइल पेंट गुळगुळीत असेल तर घासून चमक मोडायला हवी. इथे एक काळजी घ्या. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको हा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका, ओला करून घासा आणि लहान मुलं, गरोदर बाई घरात असतील तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

कॉर्निसची चीर किंवा कॉलमच्या कडेची सरळ चीर ही दोन वेगळ्या वस्तू उन्हाने कमी-जास्त प्रसरण पावतात म्हणून येते. नुसती पुट्टी भरली तर ती परत येणारच. चीर थोडी रुंद करून लवचीक फिलर आणि वर फायबर मेशची पट्टी लावावी लागते.

दुरुस्ती करताना

पाणी बंद झालं याची खात्री झाल्यावरच सुरुवात. सुटलेला भाग आणि ओलीच्या कडेच्या पुढे निदान एक फूट गिलावा काढा, कारण क्षार डागाच्या पुढे पसरलेला असतो. मग थांबा. हे थांबणंच कोणाला नको असतं. विटेची भिंत उघडी ठेवली तर जाडीच्या प्रत्येक इंचाला वाळायला साधारण एक महिना असं जुन्या गवंड्यांचं माप आहे, दोन्ही बाजूंनी हवा मिळाली तर कमी. दिवाळीच्या आत उरकायचं म्हणून सप्टेंबरमध्ये बंद केलेली भिंत जूनमध्ये परत उघडावी लागते. माझा आग्रह असा, की गळती पावसातच शोधा, बाहेरचं काम पाऊस ओसरला की नोव्हेंबर-डिसेंबरात उरका, भिंत उघडी ठेवा आणि सजावट फेब्रुवारीनंतर करा. तेवढे महिने उघडी भिंत बघवत नसेल तर समोर जाळीचा पार्टिशन ठेवा, पण पडदा चिकटवून हवा अडवू नका.

नवा गिलावा सिमेंटचा, त्यावर निदान २८ दिवस काही नाही, कारण ताजं सिमेंट खूप अल्कलाइन असतं आणि ते रंगाला खातं. ओलीचा इतिहास असलेल्या भिंतीवर पीओपी किंवा जिप्सम प्लास्टर नको, जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं आणि मऊ पडतं. पुट्टी पांढऱ्या सिमेंटची, पातळ, दोन हात. प्रायमर अल्कली सहन करणारा.

आता सगळ्यात कळकळीचं. आतून डॅम्पप्रूफ कोट मारून वर टेक्स्चर, हा उपाय म्हणून विकला जातो, तो उपाय नाही. पाणी मागून येतंय आणि तुम्ही पुढचं दार बंद करताय, ते पाणी वर चढतं नाहीतर बाजूच्या भिंतीत जातं आणि क्षार त्या कोटलाच सोलून काढतो. भिंतीला श्वास घेता आला पाहिजे. अजिंठ्याच्या चित्रांचंच बघा, १९२० च्या सुमारास निझाम सरकारनं इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी रंग सुटू नये म्हणून चित्रांवर शेलॅक, म्हणजे लाखेचं वार्निश, दिलं, हेतू चांगलाच होता, पण तो थर पिवळा पडला, तडकला आणि सोलताना खालचा रंग घेऊन जायला लागला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो काढत बसावं लागलं. गोव्यातल्या आणि सिंधुदुर्गातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवरचं कावी काम, म्हणजे चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर देऊन तो खरवडून काढलेली नक्षी, इतक्या पावसाच्या मुलखात टिकलं त्यात चुन्याचा मोठा वाटा आहे, चुना ओल सोडतो. आणि त्याच भिंतींना सिमेंटचे पॅच लावले की पॅचच्या भोवतीचा चुना झडायला लागतो कारण सगळी ओल आणि क्षार तिकडे ढकलला जातो. म्हणून ज्या भिंतीला कधीतरी ओल येऊन गेलीय तिथे मी व्हिनायल वॉलपेपर लावत नाही, गिऱ्हाइकाने हट्ट केला तरी नाही. तिथे चुन्याचं फिनिश द्या किंवा साधा श्वास घेणारा मॅट रंग देऊन त्यावर स्टेन्सिल करा. आणि भिंत चुन्याची, वाड्यातली असेल तर दुरुस्तीही चुन्यानेच.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

ओल स्विचबोर्डच्या, कन्सील्ड वायरिंगच्या जवळ आली असेल, स्विचला हात लावला की झिणझिण्या येत असतील किंवा एमसीबी वारंवार पडत असेल तर भिंतीला हातही न लावता मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियन. वरच्या कुठल्याही तपासणीच्या आधी हे.

स्लॅब, बीम किंवा कॉलमवर तपकिरी गंजाचे डाग, काँक्रीटचे तुकडे पडताहेत, सळई दिसतेय, तर हे सजावटीचं काम राहिलेलंच नाही. गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि तोपर्यंत त्याखाली पलंग ठेवू नका. चीर तिरकी असेल, पायरीपायरीने विटांच्या सांध्यातून जात असेल आणि महिन्या-दोन महिन्यांत रुंद झाली असेल तरी तेच.

मीटर रात्रीत पुढे सरकलं तर प्लंबर, आणि त्याला प्रेशर टेस्ट करायला सांगा, अंदाजाने टाइल्स फोडू देऊ नका. जमिनीतून ओल चढत असेल तर डीपीसीचं, म्हणजे जमिनीतली ओल अडवणाऱ्या थराचं, काम जाणकाराचं, रंगाच्या दुकानातला डबा त्याला पुरत नाही. वाड्यात किंवा देवळात जुनी चित्रं, कावी काम, चुन्याची नक्षी असेल तर पेंटरला त्या भिंतीजवळही जाऊ देऊ नका, संवर्धनाचं काम करणारा माणूस शोधा, कारण तिथे खरवडलेलं परत मिळत नाही.

ठेकेदार आला की त्याला एकच विचारा, पाणी कुठून येतंय आणि ते तुम्हाला कसं कळलं. उत्तरात फक्त कोटचं नाव आणि वॉरंटीची वर्षं आली तर दुसरा बघा.

आणि काम झालं की उरलेलं टेक्स्चर मटेरियल हवाबंद डब्यात, टिंटचा कोड, स्टेन्सिल आणि वॉलपेपर असेल तर एक अख्खा रोल बॅच नंबरच्या चिठ्ठीसकट जपून ठेवा. वेगळ्या बॅचचा रंग किंचित वेगळा येतो आणि पुढे कधी हातभर पॅच लावायचा झाला तर या सामानाअभावी अख्खी भिंत परत करावी लागते.